उलट रचनेचे शरीर आणि पित्ताशयाची दुर्बीण शस्त्रक्रिया

यकृत व पित्ताशय उजवीकडे, जठर व पाणथरी डावीकडे आणि हृदयाचे टोक डावीकडे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु अंदाजे दहा हजारांत एका माणसाच्या शरीरात ही सगळी मांडणी आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे उलट असते. वैद्यकशास्त्रात या स्थितीस ‘सायटस इन्व्हर्सस टोटालिस’ असे नाव आहे. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७८८ साली अशा एका शरीराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही रचना म्हणजे रोग नव्हे, की कोणाच्या कर्माचे फळही नव्हे. सर्वच अवयवांची जागा एकत्र बदललेली असल्याने त्यांचे परस्परसंबंध बहुधा बिघडत नाहीत. गर्भावस्थेच्या आरंभी अतिसूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या हालचालीने एक द्रव डावीकडे वाहतो व त्यावरून शरीराची डावी-उजवी बाजू ठरते. हे तंतू निकामी असल्यास बाजू केवळ योगायोगाने ठरते. तसेच तंतू श्वासनलिकेतही असतात. म्हणून अशा काही व्यक्तींना जुनाट खोकला व सर्दीचा त्रास असतो. भूल देण्यापूर्वी त्यांची फुफ्फुसे विशेष काळजीने तपासावी लागतात. इतरांना मात्र आपले शरीर वेगळे आहे, याचा पत्ताच नसतो.

निदानातील अडचण

यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशयात साठते. तेथे खडे होऊन वाट अडली की, विशेषतः तेलकट जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली तीव्र कळा येतात. उलट रचनेच्या माणसाला याच कळा बहुधा डावीकडे येतात. काहींना पोटाच्या मध्यभागी, तर क्वचित उजवीकडेही येतात. डावीकडे दुखते म्हटल्यावर घरचे लोक आम्लपित्त समजून सोडा देतात, नाहीतर हृदयविकाराच्या शंकेने घाबरतात. डॉक्टरांचेही लक्ष प्रथम पित्ताशयाकडे जाईलच असे नाही. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते. छातीच्या एक्स-रेवर हृदय उजवीकडे दिसले, तर फिल्म उलटी लावली असावी असेही वाटू शकते. म्हणूनच फिल्मवरील बाजूची खूण पाहणे महत्त्वाचे असते.

शस्त्रक्रिया कशी होते?

पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी केली. दुर्बिणीच्या साहाय्याने ती १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केली. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी या शस्त्रक्रियेचा आरंभ केला. उलट रचनेच्या रुग्णावरील अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १९९१ साली प्रसिद्ध झाला.

पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून, सामान्यतः चार लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात. एरवी शल्यचिकित्सक रुग्णाच्या डाव्या हाताला उभा राहतो. येथे तो उजव्या हाताला उभा राहतो, तर पडदा व छिद्रे डावीकडे घेतली जातात. मांडणी अशी फिरवता येते. पण शल्यचिकित्सकाचे हात कसे बदलणार? उजव्या हाताने काम करणाऱ्याला नाजूक काम डाव्या हाताने करावे लागते, किंवा हातांची अढी पडते. त्यावर उपाय म्हणून पित्ताशयाची मान मदतनीस धरतो, अथवा शल्यचिकित्सक रुग्णाच्या दोन्ही पायांच्या मध्ये उभा राहतो. डावखुऱ्या शल्यचिकित्सकाला हीच शस्त्रक्रिया सोपी जाते.

खरा धोका मुख्य पित्तनलिकेला असतो. ती चुकून कापली गेल्यास पित्त पोटात गळते, कावीळ होते आणि पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून पित्ताशयाच्या मुळाशी असलेली चरबी व पडदे बाजूला करून, पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी, म्हणजे त्याची नळी व रक्तवाहिनी, शिरताना स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही, असा नियम आहे. शेकडो शस्त्रक्रियांनी डोळ्यांना लागलेली सवय येथे फसवू शकते. त्यामुळे हा नियम अधिकच कसोशीने पाळावा लागतो. शंका आल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करणे, यात अपयश नसून शहाणपण आहे.

आपण काय करावे?

ज्यांना आपली रचना उलट असल्याचे माहीत आहे, त्यांनी ते प्रत्येक डॉक्टरांना न संकोचता सांगावे. अपेंडिक्सही डावीकडे असू शकते व ई.सी.जी.च्या तारा उलट बाजूला लावाव्या लागतात. एक्स-रे व सोनोग्राफीचे कागद जपून ठेवावेत आणि ही माहिती लिहिलेली चिठ्ठी पाकिटात बाळगावी. बेशुद्ध अवस्थेत ती चिठ्ठीच आपल्या वतीने बोलेल.

विद्यार्थी मित्रांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे, की पुस्तकातील आकृती बहुसंख्यांची असते. समोरचा माणूस तिच्याप्रमाणेच असेल असे गृहीत न धरता आधी नीट पाहावे व मगच हात चालवावा.