हेक्टर, एकर आणि डिसमिल : आकडा एक, अर्थ तीन

कुही तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने घरातील जुन्या कागदांचे गाठोडे सोडले, तर एकाच शेताचे क्षेत्र निरनिराळ्या मापांत लिहिलेले दिसते. आजोबांच्या काळच्या कागदावर एकर व डिसमिल, आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर व आर, आणि घरच्या बोलण्यात केवळ एकर. १९५६ च्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. बाजारातील मण व शेर यांची जागा क्विंटल आणि किलोने घेतली. एकर मात्र शेतकऱ्याच्या हिशेबातून गेला नाही. त्यात दोष नाही. मापाचे नाव न लिहिता नुसता आकडा लिहिणे, हा खरा दोष होय.

२.२० म्हणजे किती?

नागपूर जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. तेथील दप्तरात एकराचे शंभर भाग, म्हणजे डिसमिल, धरले जात. शेजारच्या वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी झाल्याने एकराचे ४० गुंठे रूढ झाले. त्यामुळे ‘२.२०’ या आकड्याचे तीन अर्थ होऊ शकतात :

• २ हेक्टर २० आर, म्हणजे सुमारे ५.४४ एकर;
• २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर, अर्थात सुमारे १ हेक्टर १ आर;
• २ एकर २० डिसमिल, म्हणजे २.२ एकर, अर्थात सुमारे ८९ आर.

दुसऱ्या व तिसऱ्या अर्थांतील फरकच १२ गुंठ्यांचा आहे. भावाभावांतील वाटणीत एवढी जमीन तंट्यास पुरेशी ठरते. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. पुढे त्याच्या जलाशयासाठी कुही तालुक्यातील अनेक कुटुंबांच्या जमिनी संपादित झाल्या. अशा प्रसंगी कागद हेक्टर-आरमध्ये बोलतो आणि कुटुंब एकरात विचार करते. आपली किती जमीन गेली आणि मोबदला कोणत्या दराने मिळाला, हे दोन्ही मापांत समजल्याखेरीज खातेदाराला कागद तपासता येत नाही.

खताचा हिशेब

कृषी शिफारशी बहुधा दर हेक्टरी दिल्या जातात. धानासाठी दर हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असेल, तर एकरी सुमारे ४० किलो नत्र लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून एकरी सुमारे ८८ किलो युरिया, अर्थात ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या पुरतात. हेक्टरचा आकडा एकराला लावला, तर जवळजवळ पाच गोण्या पडतात. पैसा वाया जातो आणि अति नत्राने धान लोळते.

लक्षात ठेवावयाची मापे

१ हेक्टर = १०० आर = २.४७१ एकर.
१ एकर = ४० गुंठे = १०० डिसमिल = ४३,५६० चौरस फूट.
१ गुंठा = १,०८९ चौरस फूट = २.५ डिसमिल.
१ आर = १०० चौरस मीटर = सुमारे १,०७६ चौरस फूट.

‘एक हेक्टर म्हणजे अडीच एकर’ हा ठोकताळा खताला चालतो, खरेदीखताला नाही. दहा हेक्टरांत तो साडेअकरा गुंठ्यांची चूक करतो.

कोणी काय करावे?

ग्रामसभेत क्षेत्र वाचून दाखविताना पंचायत सदस्यांनी हेक्टर-आर सांगून लगेच एकराचा आकडाही सांगावा. कर्मचाऱ्यांनी अर्ज व पंचनाम्यात प्रत्येक आकड्यापुढे मापाचे नाव लिहावे. जुना कागद समोर आला असता तो डिसमिलचा की गुंठ्यांचा, हे आधी ठरवावे. शिक्षकांनी क्षेत्रफळाचा पाठ शिकविताना विद्यार्थ्यांना घरच्या सातबाऱ्यावरील क्षेत्र एकरात काढावयास सांगावे. ज्या घरातील मुलाला हा हिशेब येतो, त्या घराला आपल्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही.