डॉ. हाफकिन आणि मल्कोवालची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव लशीच्या किंवा सर्पदंशावरील औषधाच्या निमित्ताने आपल्या कानांवर येत असते. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते ते वाल्डेमार हाफकिन मूळचे काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदराचे. जन्म १८६० चा, शिक्षण प्राणिशास्त्राचे. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, आणि ही गोष्ट पुढे त्यांना चांगलीच जाचली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये तिच्या प्रयोगासाठी ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व तिच्यालगतचा व्हरांडा, दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर कामास प्रारंभ झाला. साधनसामग्री अपुरी असल्याची तक्रार करणाऱ्या आपणा शासकीय सेवकांना हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा वाटेल.

लस तयार करण्याची त्यांची रीत येथील परिस्थितीतूनच घडली. जंतू वाढविण्यासाठी युरोपात गोमांसाचा अर्क वापरीत. येथील लोकांच्या भावना जाणून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क घेतला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले, की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून झुंबराच्या लोलकांप्रमाणे खाली लोंबत वाढत. पूर्ण वाढ झाल्यावर द्रव तापवून जंतू मारीत आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळीत. मेलेले जंतू रोग देत नाहीत. मात्र त्या रोगाशी झुंजण्याची शक्ती शरीरात उत्पन्न करतात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस नेहमीच्या मात्रेहून अधिक प्रमाणात स्वतःला टोचून घेतली. ताप आला, तो ओसरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. लशीने प्लेग पूर्णपणे टळत नसे, पण लागण व मृत्यू यांचे प्रमाण स्पष्टपणे घटे.

तो काळ विश्वासाचा नव्हता. मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच निवर्तल्या. पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांनी लोक संतप्त झाले होते, आणि २२ जूनच्या रात्री रँडसाहेबांवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. अशा वातावरणात लोकांनी आपण होऊन दंड पुढे करावा ही अपेक्षा सोपी नव्हती. तरुण आगाखान यांनी चारचौघांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, याचे महत्त्व म्हणूनच मोठे. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळेचे स्थलांतर झाले.

यानंतर घडले ते पंजाब प्रांतातील मल्कोवाल या खेड्यात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली परळहून आलेली, तेव्हा दोष परळचा, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. हाफकिन यांनी नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हेही त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

वस्तुतः याच चौकशीच्या कागदपत्रांत निराळीच हकीकत नमूद होती. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून बुचाला लावण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. शिवाय बाटली परळला भरून ४१ दिवस लोटले होते. जंतू आधीपासून तिच्यात वाढत असते, तर द्रवास उग्र दुर्गंधी आली असती. उघडतेवेळी हुंगून पाहिले असता तशी दुर्गंधी आढळली नव्हती. ज्यांनी चौकशीचे अहवाल वाचले किंवा लिहिले आहेत, त्यांना हे ठाऊक असेल की पुरावा कागदावर असणे आणि तो निष्कर्षात उतरणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

हाफकिन चार-पाच वर्षे न्याय मागत राहिले. अखेर १९०७ च्या जुलैत मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ मध्ये पत्र प्रसिद्ध करून दोष खेड्यातच घडल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर हाफकिन यांना निर्दोष मानून सेवेत परत घेण्यात आले. पण परळची जागा तोवर भरली गेली होती. त्यांना कलकत्त्यास पाठविण्यात आले.

परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ साली. ते तेव्हा युरोपात निवृत्त जीवन जगत होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.