जमीन व पाणी यांचा मेळ : दोन रेषांचा छेदनबिंदू

तंजावर परिसरातील कावेरी त्रिभुज प्रदेशात मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार १२ जूनला सोडले जाते व २८ जानेवारीला बंद होते. पुढील उन्हाळी पिकांचा भार मुख्यतः भूजलावर पडतो. त्यामुळे भात किती व उडीद किती, हे रोपवाटिका टाकण्यापूर्वीच ठरवावे लागते. अंदाज चुकल्यास ऐन निसवणीच्या वेळी पाणी अपुरे पडते. हा निर्णय साध्या आलेखावर घेता येतो.

उदाहरणादाखल, जमीन ६ एकर आणि हंगामात मिळणारे पाणी १४४ एकर-इंच मानू. (१ एकर-इंच म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर.) भातास एकरी ४८ इंच व उडदास १२ इंच पाणी गृहीत धरू. भाताचे क्षेत्र ‘क्ष’ व उडदाचे ‘य’ मानल्यास :

जमीन : क्ष + य = ६
पाणी : ४८क्ष + १२य = १४४, म्हणजेच ४क्ष + य = १२

आलेख कागदावर आडव्या अक्षावर भात व उभ्या अक्षावर उडीद घ्यावा. पहिली रेषा (६, ०) व (०, ६) या बिंदूंतून, तर दुसरी (३, ०) व (०, १२) या बिंदूंतून काढावी. दोन्ही रेषा (२, ४) येथे छेदतात. म्हणजेच २ एकर भात व ४ एकर उडीद घेतल्यास जमीन व पाणी दोन्ही पूर्ण वापरले जातात. पडताळा : ९६ + ४८ = १४४.

भाताचे एकरी निव्वळ उत्पन्न उडदापेक्षा अधिक, परंतु त्याच्या चौपटीहून कमी असेल, तर हाच बिंदू सर्वाधिक लाभाचा ठरतो.

पाणी घटल्यास दुसरी रेषा समांतर राहून डावीकडे सरकते. ते ७२ एकर-इंच झाल्यास छेदनबिंदू (०, ६) येतो, म्हणजे भात वगळावा लागतो. त्याहूनही घटल्यास ‘क्ष’ ऋण येतो. अशा वेळी काही जमीन पडीक ठेवणे भाग पडते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पाण्याचा आकडा अंदाजाने धरू नये. २०० लिटरचे पिंप भरण्यास लागणारा वेळ मोजून पंपाचा ताशी प्रवाह काढावा व त्यास हंगामातील प्रत्यक्ष वीजपुरवठ्याच्या तासांनी गुणावे. ही रेषा अचूक असेल, तरच छेदनबिंदूवर विसंबता येईल.