जप्तीचे वॉरंट आले तर काय कराल?

मागील अंकात आम्ही उधारीच्या लेखी नोंदीविषयी लिहिले होते. आज त्यापुढचा धडा. उधारी थकली, दावा झाला, हुकूमनामा निघाला आणि बेलीफ दारात उभा राहिला, की आपले कारागीर बंधू घाबरून दुकान बंद करून निघून जातात. यात नुकसान आपलेच होते.

प्रथम हे समजून घ्या की, साध्या उधारीत सावकार किंवा व्यापारी स्वतः येऊन माल उचलू शकत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून दरखास्त द्यावी लागते. त्यासाठी 12 वर्षांची मुदत असते. म्हणून समन्स आले की हजर राहावे. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी साधारण 30 दिवसच मिळतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 60 प्रमाणे सर्वच वस्तू जप्त होत नाहीत. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, हिशेबाच्या वह्या आणि कारागिराची हत्यारे यांना संरक्षण आहे. सुताराची करवत व रंधा, लोहाराचा घण व ऐरण नेता येत नाही. मात्र दुकानात विक्रीला ठेवलेला माल नेता येतो. शिवाय जी वस्तू आपणच बँकेकडे तारण लिहून दिली, तिच्यासाठी या कलमाचा आधार धरू नये. 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँक 60 दिवसांची नोटीस देऊन तारणाचा ताबा न्यायालयात दावा न करताही घेऊ शकते.

कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. पडदानशीन स्त्री खोलीत असेल, तर तिला बाहेर जाण्याची सूचना व सवड द्यावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक होत नाही (कलम 56). भावाचा किंवा गिऱ्हाईकाचा माल चुकून जप्त झाला, तर खऱ्या मालकाने लिलावापूर्वी न्यायालयात हरकत घ्यावी.

सर्वांत मोठी चूक पैसे फेडताना होते. हुकूमनाम्यानंतर धनकोला परस्पर रक्कम दिली आणि न्यायालयात नोंद केली नाही, तर ती फेड धरली जात नाही आणि त्याच रकमेसाठी पुन्हा जप्ती येऊ शकते. पैसे न्यायालयात भरा. बाहेर दिलेच, तर 30 दिवसांत अर्ज देऊन नोंद करून घ्या.

देणे बुडवण्यासाठी घर बायकोच्या नावे हिबा करण्याचा सल्ला कोणी देईल. असा हिबा न्यायालयात टिकत नाही आणि अल्लाहपुढेही नाही. सूरह बकराच्या आयत 282 मध्ये देणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तर आयत 280 मध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवलत देण्याचा. देणाऱ्याने नियत साफ ठेवावी, घेणाऱ्याने हात सैल ठेवावा. मग बेलीफची पायरी बहुधा चढावी लागणार नाही.