आठवण हरपली, तरी माया उरते

इसवी सन १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यातील ही हकीकत आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी मनोरुग्णांचे एक रुग्णालय होते. तेथे आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची गृहिणी दाखल झाली. पूर्वी ती आपला संसार नीट सांभाळीत असे. परंतु अलीकडे तिचा स्वयंपाक बिघडू लागला होता, वस्तू ती कोठेतरी लपवून ठेवी आणि घरभर अस्वस्थपणे येरझारा घाली.

बिछान्यावर असहाय मुद्रेने बसलेल्या या बाईला आलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी नाव विचारले. ‘‘आउगुस्टे,’’ ती म्हणाली. पतीचे नाव विचारले, तेव्हाही तिने स्वतःचेच नाव सांगितले. जेवताना तिच्या पानात फुलकोबी होती. काय खाता, असे विचारताच तिने ‘पालक’ असे उत्तर दिले. पेन्सिल, किल्ली, पैशांची पिशवी या वस्तू तिने अचूक ओळखल्या. पण थोड्याच वेळाने त्या पाहिल्याचेही ती विसरली. नाव लिहावयास सांगितले, तर ‘श्रीमती’ अशा अर्थाचा एक शब्द लिहून तिचा हात थांबला. पुढचे तिला आठवेना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढले. डॉक्टरांनी तिची ही उत्तरे टिपून ठेवली.

१९०६ मध्ये ती मरण पावली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकातून तपासणी केली, तेव्हा त्यात जागोजागी विचित्र गाठी व गुंतवळे दिसले. त्याच वर्षी त्यांनी आपला शोध विद्वानांच्या सभेपुढे मांडला. पुढे १९१० मध्ये या विकारास त्यांचेच नाव देण्यात आले. स्मृतिभ्रंश अनेक कारणांनी होतो; त्यांपैकी अल्झायमरचा विकार हे सर्वांत मोठे कारण होय.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. म्हातारपण आले की बुद्धी जावयाचीच, असा तिचा भाव. परंतु हे खरे नव्हे. कितीतरी वृद्धांची बुद्धी अखेरपर्यंत तल्लख असते. आणि आउगुस्टेने तर साठी गाठलीही नव्हती. स्मृतिभ्रंश हा वेडेपणा नव्हे, हट्ट नव्हे, की कोणत्या पापाची शिक्षा नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. म्हणूनच रुग्णाच्या भोवतालच्या माणसांची वागणूक फार मोलाची ठरते.

या आजारात नव्या आठवणी बहुधा आधी जातात आणि जुन्या पुष्कळ काळ टिकतात. वहीची शेवटची पाने प्रथम गळून पडावीत आणि पहिली पाने शाबूत राहावीत, तसे हे असते. सकाळी जेवण झाल्याचे आजीला आठवत नाही. पण लहानपणी जात्यावर ऐकलेली ओवी ती न अडखळता म्हणते.

याहूनही एक लक्षणीय गोष्ट आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी या विकाराच्या रुग्णांना चित्रपटांतील काही दुःखद व काही आनंददायक प्रसंग दाखविले. थोड्या वेळाने रुग्णांना त्या प्रसंगांचे फारसे काही आठवेना. परंतु त्यांच्या मनातील उदासी किंवा प्रसन्नता मात्र ओसरली नव्हती. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण विसरले, तरी भावना उरते, असा याचा अर्थ. कोणी टाकून बोलले, तर ते शब्द आजी विसरेल. पण तिचे दुखावलेले मन काही काळ तसेच राहील. कोणी मायेने जवळ बसले, तर तेही ती विसरेल. पण तिच्या मनाची शांतता राहील. तिच्यासाठी केलेले प्रेम वाया जात नाही.

घरी आलेले पाहुणे पुष्कळदा विचारतात, ‘‘ओळखलंत का मला?’’ रुग्णाला ही परीक्षाच वाटते, आणि उत्तर न आल्याने तो खजील होतो. त्यापेक्षा समोरून यावे, शेजारी बसावे आणि ‘‘आजी, मी तुझी नात,’’ असे आपणच सांगावे. बोलणे सावकाश असावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. तोच प्रश्न दहा वेळा आला, तरी दहाव्या वेळचे उत्तर पहिल्याइतकेच गोड असावे; कारण आजीच्या दृष्टीने तो प्रश्न पहिलाच असतो.

कधी आजी विचारते, ‘‘तुझे आजोबा अजून कसे आले नाहीत?’’ आजोबा वारल्याचे तिला प्रत्येक वेळी सांगितले, तर ते दुःख तिला प्रत्येक वेळी नव्याने भोगावे लागते. अशा वेळी वाद घालू नये. खोटेही सांगू नये. ‘‘आजी, आजोबांची आठवण येते का ग? त्यांच्याविषयी काहीतरी सांग ना,’’ असे म्हणावे. मग आजी बोलू लागते आणि तिचा जीव शांत होतो.

शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, फुले ओवणे, अशी कामे रुग्णाला झेपतील तशी करू द्यावीत. घडी वाकडी झाली म्हणून काही बिघडत नाही. आपला कोणाला तरी उपयोग आहे, हे समाधान त्याला त्यातून लाभते. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या आईलाही विसावा हवा असतो. मुलांनी तासभर आजीजवळ बसणे हे दोघींनाही मोठे साहाय्य होय.

आउगुस्टेच्या नोंदींचे कागद पुढे अनेक वर्षे हरवले होते. १९९५ मध्ये ते फ्रँकफुर्ट येथे पुन्हा सापडले. जिला आपले नाव पुरते लिहिता आले नाही, तिचे नाव त्या कागदांवर होते. कारण ती विसरली, तेव्हा दुसऱ्याने ते लिहून ठेवले. घरातील वृद्ध माणूस आपले गाव, आपली माणसे विसरू लागला, म्हणजे ते सारे त्याच्यासाठी लक्षात ठेवण्याचे काम घरातील इतरांकडे येते.

स्वाध्याय

१. आउगुस्टेच्या कोणत्या उत्तरांवरून तिचा आजार दिसून येतो?
२. ‘कारण विसरले, तरी भावना उरते.’ हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. ‘ओळखलंत का मला?’ असे रुग्णास का विचारू नये?
४. वाक्यांत उपयोग करा : येरझारा घालणे, खजील होणे, टाकून बोलणे, वाया जाणे.
५. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणाची एक आठवण विचारा व ती आपल्या वहीत लिहून ठेवा.