घरट्यांतून पडलेलें पिलूं

वैशाख-ज्येष्ठांतल्या वावटळीनंतर धाडसारख्या गांवीं लिंबाखालीं चिमणीचें किंवा साळुंकीचें पिलूं पडलेलें पुष्कळदां आढळतें. मुलें कळवळून तें घरीं आणितात, दूध पाजितात, आणि सकाळीं तें मेलेलें असतें. अशी दया व्यर्थ जाऊं नये म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतों.

पहिली: पिसें फुटलेलें पिलूं उड्या मारीत असल्यास तें उडावयास शिकत आहे. त्यास मांजर पोंचणार नाहीं अशा झुडपांत ठेवून दूर व्हावें. आईबाप त्यास भरवितात.

दुसरी: पिलूं उघडें असल्यास घरट्यांत परत ठेवावें. माणसाचा हात लागल्यानें आई पिलास टाकिते हा समज खोटा आहे.

तिसरी: घरटें न सांपडल्यास आधीं ऊब, मग अन्न, कारण गारठलेल्या पिलास अन्न पचत नाहीं. खोक्यांत मऊ फडकें अंथरून कोमट पाण्याची बाटली गुंडाळून शेजारीं ठेवावी. पिलूं चोंच उघडूं लागलें म्हणजे उकडलेल्या अंड्याचा कण किंवा मऊ किडा काडीच्या टोंकानें द्यावा; दिवसा दर अर्ध्या तासानें, रात्रीं नाहीं. दूध त्यास पचत नाहीं. चोंचींत पाणी ओतल्यास तें श्वासनळींत जातें. होला-पारव्याचीं पिलें आईबापांच्या घशांतील रसावर वाढतात. त्यांस ही रीत लागू नाहीं.

चवथी: हें सर्व मदत येईपर्यंतच करावें. रानपक्षी बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. वनखात्यास १९२६ ह्या दूरध्वनी-क्रमांकावर कळवावें. पालकांनीं व गुरुजींनीं हें मुलांस पावसाळ्यापूर्वींच शिकवावें.