काटा लाल रेषेवर : जुनी गाडी गरम का होते, मिसिंग का करते?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे माझ्यासाठी थर्मोच्या पेपरपेक्षा अवघड! त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाच्या माथी आणि इंजिनाच्या चुका माझ्या. या लेखात माझी एक चूक आहेच, तीही सांगणार आहे.

आमच्या घरी १९९८ सालची सेकंडहॅण्ड गाडी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर. एवढं सांगितल्यावर आपल्या हॉस्टेलचा वॉचमनसुद्धा नाव ओळखेल! बाबांनी ती आजीसाठी घेतली. आजीचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा साताऱ्याला असतं आणि आम्ही राहतो पाचगणीला. म्हणजे जाताना पसरणी घाट उतरायचा, येताना चढायचा.

मागच्या सेमिस्टरला बाबांचा फोन आला. "काटा लाल रेषेवर गेलाय, आजी मागे झोपलीये. काय करू?" माझं सबमिशन चालू होतं. मी म्हटलं, "थोडा वेळ थांबा, पाणी घाला आणि या हळूहळू." ते आले. त्या महिन्यात असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. मेकॅनिकलची मुलगी म्हणाली म्हणजे बरोबरच असणार, असं बाबांना वाटलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा गाडी उभ्या जागी थरथरत होती, चढाला मिसिंग करत होती. गॅरेजवाले काका म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. मी म्हटलं, दोन दिवस द्या, आधी मी बघते.

पहिला प्रश्न : गरम कधी होते?

हा प्रश्न फुकट आहे आणि अर्धं निदान इथेच होतं. गाडी ट्रॅफिकमध्ये किंवा सावकाश चढाला तापत असेल, पण सपाट रस्त्यावर वेगात नीट राहत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यायचा. कारण वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. उलट वेगात असतानाच तापत असेल, तर जाळी आतून चोंदलेली असणं, बेल्ट सैल होऊन वॉटर पंप नीट न फिरणं किंवा थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणं ही कारणं बघायची. आमची गाडी वाई-सातारा रस्त्यावर शांत असायची, तापायची ती घाटात दुसऱ्या गिअरवर. म्हणजे पंखा!

दुसरं : थंड असताना पाणी बघा

रेडिएटरची कॅप गरम असताना कधीही उघडू नका. पाचगणी साधारण १३०० मीटर उंचीवर आहे, तिथे उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. कॅपने ०.९ बार जास्तीचा दाब धरला की तेच पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप काढली की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं. कॅपचा रबर कडक झाला असेल तरी दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. तेव्हा आधी कॅप तपासा, ती स्वस्त असते.

आमचं पाणी कमी होतं, पण खाली कुठेच थेंब नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं : पंखा

इंजिन चालू ठेवून तापू दिलं. वरचा होज पाइप गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी पंखा फिरेना. लगेच इंजिन बंद केलं. मग थर्मोस्विचचा कनेक्टर काढून सर्किट तारेने थेट पूर्ण केलं. पंखा भर्रकन फिरला! म्हणजे मोटर, फ्यूज ठीक, स्विच मेलेला. शे-चारशे रुपयांची वस्तू. (हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, ओढणी आणि बोटं लांब ठेवा.)

चौथं : कोणता सिलिंडर झोपलाय?

इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर काढायची. पण हाताने नाही, रबरी मुठीच्या पकडीने! तिथे हजारो व्होल्ट असतात. काढलेली वायर लोंबती न ठेवता जुना प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवायचा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. झोपलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. आमच्या दोन नंबरला फरक पडेना. मग दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल केली. दोष तीन नंबरवर गेला. म्हणजे वायर खराब. नवा सेट टाकल्यावर थरथर खूपच कमी झाली.

मी जाम खुश! गॅरेजवाल्या काकांना सांगायला निघालेच होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर पहिली दोन मिनिटं तीच मिसिंग आणि मागून पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही पूर्ण थांबेना. थंडीत थोडी वाफ येतेच, पण ती इंजिन तापल्यावर थांबते.

पाचवं : जे बघायला नको वाटत होतं ते

तिन्ही प्लग काढले. प्लग काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असेल तर मिक्श्चर लीन किंवा इंजिन जास्त तापतंय. आमचे एक आणि तीन तपकिरी, म्हणजे ठीक. दोन नंबर मात्र धुतल्यासारखा स्वच्छ! सिलिंडरमध्ये पाणी येत असेल तर वाफेने प्लग असा धुऊन निघतो. काकांकडूनच कॉम्प्रेशन गेज आणलं. दोन नंबरचा दाब बराच कमी आला. त्यात चमचाभर तेल घालून परत मोजलं. रिंग झिजल्या असत्या तर दाब वाढला असता. तो वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग थंड इंजिनावर कॅप उघडून गाडी सुरू केली. रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत होते. सिलिंडरचा गॅस पाण्यात येत होता. खाली थेंब न पडता पाणी कुठे जात होतं, त्याचंही उत्तर मिळालं.

म्हणजे काका बरोबर होते. गॅस्केट गेलं होतं.

पण ते का गेलं? पंखा बंद होता म्हणून गाडी तापत होती आणि मी फोनवरून तिला तशीच पुढे चालवायला लावत होते. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की कास्ट आयर्नच्या ब्लॉकपेक्षा जास्त प्रसरण पावतं. हे मी परीक्षेत लिहिलंय, मार्कही मिळालेत! त्यात तापलेल्या इंजिनात गार पाणी. हेड खोलल्यावर काकांनी त्यावर सरळ पट्टी ठेवली, तर मधून फीलर गेज आत गेलं. हेड वाकलं होतं. फेसिंग करावं लागलं, खर्च झालाच.

काकांना पंख्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं पोरी बघितलंस. नुसतं गॅस्केट घातलं असतं तर दोन महिन्यांत परत उडालं असतं." बाबा काहीच म्हणाले नाहीत. मीच त्यांना तिन्ही फोनचं सांगितलं.

तर मंडळी, काटा वर गेला की एसी बंद करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू दे. थंड झाल्यावर पाणी कमी असेल तर भरा, पण काटा परत चढला तर ओढत नेऊ नका, टोइंग बोलवा. आणि दुरुस्ती करताना बिघडलेला भाग बदलण्याआधी तो का बिघडला हे विचारा.

कुणाची गाडी अशी तापत असेल तर रविवारी सकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आणा, बघू. फक्त थंड करून आणा!

— टी. ई. मेकॅनिकल